गुडघा डावा, सुरुवात पोटापासून: एका केसची पूर्ण नोंद

जिना चढताना एवढं नाही, उतरतानाच काकू अडकायच्या. दोन्ही हातांनी कठडा धरायचा, अंग आडवं करायचं, डावा पाय आधी खाली टाकायचा आणि मग उजवा त्याच पायरीवर आणून ठेवायचा, अशी एकेक पायरी. वय ६१, डावा गुडघा तीन वर्षांपासून दुखतोय, उजवा अधूनमधून. माझ्याकडे आल्या तेव्हा पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, ते पाय उचलायचे व्यायाम परत देऊ नका, मी ते तीनदा सोडलेत." तेव्हा मी नुसतं लिहून घेतलं, पण पुढची सगळी केस या एका वाक्यातून उलगडत गेली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काकूंची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं काही टाकलेलं नाही. लिहायचं कारण असं की गुडघेदुखीला कोअरचे, म्हणजे पोट-कमरेभोवतीच्या स्नायूंचे, व्यायाम करायचे का, हा प्रश्न सारखा येतो आणि त्याची उत्तरं दोनच मिळतात, एक तर "सगळं कोअरमधूनच येतं" किंवा मग "पोटाचा आणि गुडघ्याचा काय संबंध". मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते या एका केसमध्ये नीट दिसतं.

आधीची हकीकत थोडक्यात. सकाळी उठल्यावर गुडघा १०-१५ मिनिटं आखडलेला, मग सुटतो. बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत. वाकवताना करकर आवाज. कधीतरी थोडी सूज. ताप नाही, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नाही, गुडघा मध्येच लॉक होणं नाही. एक्सरेवर ग्रेड ३, म्हणजे झीज मोजायला १९५७ पासून जी ० ते ४ ची केलग्रेन-लॉरेन्स पद्धत वापरतात त्यात वरून दुसरी पायरी. त्यांना कुणीकुणी सांगितलेलं की गादी झिजलीय, वंगण संपलंय, आता काही होणार नाही, जपून वापरा. या "जपून वापरा" ने फार नुकसान होतं असं माझं मत आहे. एक्सरेवरची झीज आणि माणसाला होणारं दुखणं यांचा हिशोब बरेचदा जुळत नाही, ग्रेड ३ वाली माणसं रोज तासभर चालताना मी बघते आणि ग्रेड १ वाली जिन्याला घाबरताना पण बघते.

आता ते तीनदा सोडलेले व्यायाम. तिन्ही वेळा साधारण तेच दिलेलं होतं, उताणं झोपून पाय सरळ ठेवून वर उचलायचा, धरायचा, खाली. व्यायाम चुकीचा अजिबात नाहीये, मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी तो जगभर देतात कारण त्यात गुडघा वाकवावा लागत नाही. पण काकूंचं दर वेळी असं व्हायचं की दहाबारा दिवस झाले की कंबर धरायची, मग त्या दोन दिवस थांबायच्या, ते दोन दिवस दोन महिने व्हायचे. घरचे म्हणायचे कंटाळा करते. त्या स्वतः पण तसंच म्हणायला लागल्या होत्या, आणि मला ते ऐकून वाईट वाटलं कारण कंटाळा करणारा माणूस तीनदा परत सुरू करत नाही.

मी त्यांना म्हटलं, काकू, एकदाच उचलून दाखवा, परत देणार नाही. त्यांनी डावा पाय उचलला आणि पाय दोन इंच वर जायच्या आधीच कंबर कमानीसारखी उचलली गेली, पोट घुमटासारखं वर आलं, श्वास बंद आणि चेहरा लाल. माझा अख्खा हात कमरेखालून आरपार गेला.

हे का होतं ते सांगते. एका पायाचं वजन शरीराच्या साधारण सहाव्या भागाइतकं असतं, काकूंचं वजन ७४ किलो म्हणजे एक पाय १२ किलोच्या आसपास. हे १२ किलो लांब दांडीच्या टोकाला लटकवल्यासारखे उचलायचे. उचलणारे जे मुख्य स्नायू आहेत त्यातला एक थेट कमरेच्या मणक्यांना चिकटलेला आणि दुसरा ओटीपोटाच्या हाडाला, म्हणजे स्नायूने जोर लावला की पाय वर जाईल नाहीतर कंबर पुढे ओढली जाईल, या दोनपैकी जे सैल असेल ते हलणार. पोटाच्या स्नायूंनी ओटीपोट धरून ठेवलं तर पाय हलतो. काकूंच्यात धरून ठेवणारं कुणी नव्हतं. त्यामुळे तीन वर्षं मांडीचा व्यायाम म्हणून जे चाललेलं तो खरं तर कमरेला ताण द्यायचा व्यायाम होता आणि मांडीला त्यातून फार थोडं मिळत होतं. आणि मांडी कमजोर राहिली की गुडघा दुखत राहणार, हे चक्र.

बाकीच्या चाचण्या पण लिहून ठेवते. हात छातीवर आडवे ठेवून खुर्चीतून ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ही चाचणी घरी पण करता येते. काकूंचं ६ वेळा. ६० ते ६४ वयाच्या बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे सरासरीपेक्षा कमी धरतात, तर हे बरंच कमी होतं, आणि उठताना सगळा भार उजव्या पायावर, डावा नुसता टेकलेला. एका पायावर उभं राहणं उजव्यावर ९ सेकंद, डाव्यावर ४, आणि डाव्यावर उभ्या राहिल्या की धड डावीकडे झुकायचं. सपाटीवर चालताना दुखणं १० पैकी ४, जिना उतरताना ७. जिन्याचा आकडा जास्त असणं साहजिक आहे. बर्लिनमध्ये कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवून मोजलेलं आहे, २०१० मध्ये ते छापून आलं, माणसं पाचच होती पण मोजमाप थेट सांध्याच्या आतून. त्यात सपाटीवर चालताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण अडीच पट भार आला आणि जिना उतरताना जवळपास साडेतीन पट. काकूंच्या वजनाला हिशोब केला तर एका पायरीला अडीचशे किलोच्या वर. एवढा भार एका वाकलेल्या पायावर सावकाश सोडायचा आणि वरचं धड मात्र डुलतंय, असं ते उतरणं होतं.

कोअर म्हटलं की लोकांना सिक्स पॅक आठवतं, ते डोक्यातून काढा. पोटाभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला सगळ्यात आतला स्नायू, पाठीच्या मणक्यालगतचे छोटे स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, बाजूचे तिरके स्नायू, आणि मी तरी कुल्ल्याचे पण यातच धरते, हे सगळं मिळून एक डबा आहे आणि पाय त्या डब्याला जोडलेला आहे. ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलेलं की निरोगी माणूस उभ्याने पाय हलवतो तेव्हा पोटाचा हा आतला स्नायू पायाच्या स्नायूंच्या आधी चालू होतो. आधी डबा घट्ट होतो, मग पाय हलतो.

पण यावरून कोअर केलं की गुडघा बरा होतो, असं म्हणायला मी तयार नाही. २००७ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या २७७ खेळाडूंवर अभ्यास झाला, धडावर लावलेला जोर अचानक सोडल्यावर ज्यांचं धड जास्त हललं त्यांना पुढच्या तीन वर्षांत गुडघ्याच्या दुखापती जास्त झाल्या. हा अभ्यास कोअरवाले लोक सगळीकडे दाखवतात, पण ते तरुण खेळाडू होते, झीज झालेले गुडघे नव्हते. दुसरीकडे २०१० मध्ये मेलबर्नच्या गटाने गुडघ्याच्या आतल्या बाजूची झीज असलेल्यांना खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम दिले, दुखणं कमी झालं, हालचाल सुधारली, पण चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येणाऱ्या भाराचं जे माप घेतात ते बदललंच नाही. म्हणजे फायदा झाला पण आपण समजतो त्या वाटेने नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी जो मोठा व्यायाम कार्यक्रम चालतो त्यात कोअर आहे, पण तो चार भागांपैकी एक, बाकी पायाची ठेवण, पायाची ताकद आणि रोजच्या हालचाली. मला हे प्रमाण बरोबर वाटतं. काकूंच्या बाबतीत मी कोअर पहिल्यांदा घेतलं ते एवढ्यासाठीच की त्याच्याशिवाय मांडीपर्यंत पोचताच येत नव्हतं.

आता खरी अडचण, जी पुस्तकात कुणी लिहित नाही. कोअरचे नावाजलेले व्यायाम आठवून बघा. कॅनडाचे पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन प्रसिद्ध आहेत, त्यातला एक हातापायांवर रांगल्यासारखं उभं राहून उलट हात-पाय लांब करायचा, दुसरा कुशीवर, जो सुरुवातीला गुडघे वाकवून त्यांच्यावर भार देऊन करतात. प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरणं, जमत नसेल तर काय सांगतात, गुडघे टेकवा. म्हणजे ज्याचा गुडघा दुखतोय त्याला सगळे सोपे प्रकार गुडघ्यावरच नेऊन ठेवतात! शिवाय हे सगळं जमिनीवर, आणि काकूंना जमिनीवर बसून परत उठणं हेच सगळ्यात अवघड काम होतं. गेल्या दोन वर्षांत त्या जमिनीवर बसल्याच नव्हत्या. मग व्यायामाला बसायचं म्हणजे आधी धास्ती, कुणीतरी उठवायला पाहिजे, आणि जो व्यायाम दुसऱ्या माणसावर अवलंबून आहे तो टिकत नाही.

म्हणून सगळं कडक गादीच्या पलंगावर, भिंतीशी आणि टेबलाशी आणलं.

पहिले दहा दिवस जवळजवळ फक्त श्वास. उताणं झोपायचं, गुडघ्यांखाली जाड उशी म्हणजे गुडघा ताठ पण नाही आणि जास्त वाकलेला पण नाही, एक हात बेंबीच्या खाली. नाकाने श्वास घ्यायचा आणि तोंडाने लांब फुंकर मारत सोडायचा, मेणबत्तीची ज्योत हलावी पण विझू नये अशी. फुंकरीच्या शेवटी बेंबीखालचा भाग आपोआप आत घट्ट होतो, तो हाताला जाणवला पाहिजे. पोट आत ओढून धरायचं नाही, हे मी दहा वेळा सांगितलं असेल कारण प्रत्येक जण तेच करतो, पोट आत खेचतो, छाती वर घेतो आणि श्वास अडकवतो. घट्ट झालेलं तेवढंच ठेवून मोठ्याने एक ते पाच आकडे म्हणायचे. आकडे म्हणता आले म्हणजे श्वास चालू आहे. काकूंना बीपीची गोळी चालू आहे, आणि जोर लावताना श्वास रोखला की बीपी तेवढ्यापुरतं एकदम चढतं, म्हणून हा आकड्यांचा नियम मी शेवटपर्यंत सोडला नाही, उभ्याने करतानाही त्या मोजायच्या.

मग त्याच स्थितीत एक टाच गादीवरून हळूहळू लांब सरकवायची आणि परत आणायची, दुसरा हात कमरेखाली ठेवून. कमरेखालची पोकळी वाढली तर तिथेच थांबायचं, तेवढंच आपलं आजचं अंतर. काकूंचं पहिल्या दिवशी डाव्या पायाचं अंतर वीतभर होतं. वीतभर! आणि या माणसाला तीन वर्षं अख्खा पाय उचलायला लावलेला.

कुल्ले उचलायचा ब्रिज पण दिला, पण तिथे छोटा बदल. नेहमी टाचा कुल्ल्याजवळ घ्यायला सांगतात, त्यात गुडघा खूप वाकतो आणि काकूंना तिथे कळ यायची. टाचा थोड्या लांब ठेवल्या तर कळ गेली पण मांडीच्या मागे गोळा यायला लागला, तो येतोच कारण लांब टाचेला मागचे स्नायू जास्त काम करतात, तर मधली एक जागा शोधून पायाच्या बाजूला उशीवर खडूची खूण केली. ऐकायला बारीकसं वाटतं पण घरी एकट्याने करताना ती खूण फार कामाची. कुशीवरच्या व्यायामाऐवजी भिंतीला बाजूने कोपर टेकवून पाय भिंतीपासून लांब, अंग एका रेषेत, २० सेकंद. रांगण्याऐवजी टेबलावर दोन्ही तळहात, कंबर सपाट, एक पाय मागे लांब, नंतर उलटा हात पण. गुडघा कुठेही टेकवायचा नाही.

तीन आठवडे हे चाललं आणि इथे माझं चुकलं ते लिहायलाच पाहिजे.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पलंगावरचं सगळं सुंदर झालेलं. टाच पूर्ण लांब जायची, कंबर हलायची नाही, भिंतीवर ४० सेकंद, पाय सरळ उचलणं आठ वेळा, आणि कंबर दुखली नाही, याचा त्यांना एवढा आनंद की मुलीला फोन करून सांगितलं. मी पण खूश. मग खुर्चीची चाचणी परत घेतली, ७. जिना उतरताना दुखणं ७ चं ६. म्हणजे तीन आठवड्यांत पलंगावरची काकू बदलली आणि जिन्यावरची काकू होती तिथेच. मी पलंगावर फार वेळ रमले होते. झोपून शिकलेलं उभ्याने आपोआप येत नाही, झोपल्यावर शरीराला पलंगाचा आधार आहे, तोल सांभाळायचा नाही, गुडघ्यावर वजन नाही. दुसऱ्या आठवड्यातच मी खुर्चीकडे जायला हवं होतं, काकूंची तयारी होती, मीच त्यांच्या कळेला घाबरत होते.

चौथ्या आठवड्यापासून पलंगावरचं दहा मिनिटांवर आणलं आणि बाकी सगळं उभ्याने. खुर्चीवर दोन उशा टाकून उंच केली, बसूनच तीच फुंकर, पोट घट्ट, नाक पावलांच्या बोटांच्या वर येईल एवढं पुढे वाकायचं आणि फुंकर सोडतासोडता उठायचं, दोन्ही पायांवर सारखा भार. उशा असल्या की गुडघा कमी वाकतो म्हणून पहिल्यांदाच त्यांना डाव्या पायावर जोर देता आला. आठवड्याभराने एक उशी काढली. ताणाची रबर पट्टी बंद दाराच्या भक्कम मुठीला अडकवून बाजूला उभं राहायचं, दोन्ही हातांनी पट्टी छातीपाशी धरायची आणि सरळ पुढे ढकलायची, पट्टी अंगाला दाराकडे फिरवायला बघते आणि आपण फिरू द्यायचं नाही. हा माझा सगळ्यात आवडता आहे कारण यात गुडघ्याला जवळजवळ काही होत नाही आणि उभ्याने धड धरायचं म्हणजे काय ते लगेच कळतं. काकू म्हणाल्या, "आत्ता समजलं तुम्ही काय घट्ट करायला सांगत होतात." तीन आठवडे पलंगावर जे समजलं नव्हतं ते दोन मिनिटांत.

मग १० सेंटीमीटरच्या पाटावर डावा पाय ठेवून चढणं. उतरणं अजून नाही.

दुखण्याचा नियम असा ठेवला की व्यायाम करताना १० पैकी ४ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीच्याच पातळीवर आला पाहिजे आणि सूज नको. आला नाही तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं, व्यायाम वाईट नाही. हा फरक रुग्णाला कळणं अर्धी लढाई आहे, नाहीतर एक वाईट सकाळ आली की सगळंच बंद होतं.

आणि ती सकाळ पाचव्या आठवड्यात आलीच. बरं वाटतंय म्हणून काकूंनी घरच्या जिन्यावर, पूर्ण उंचीच्या पायरीवर, एका दिवसात चढउताराच्या ३० फेऱ्या केल्या, मला न विचारता. गुडघा सुजला. फोनवर आवाज रडवेला, "मॅडम, परत पहिल्यापासून." मी म्हटलं, काकू, पहिल्यापासून नाही, चार दिवस मागे. सूज आल्यावर मांडीचा स्नायू सुस्त होतो, तो इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, १९८४ मध्ये एका प्रयोगात निरोगी गुडघ्यात फक्त २०-३० मिलीलिटर द्रव टाकल्यावर मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावताना दिसला होता. दोन मोठे चमचे धरा. म्हणून त्या चार दिवसांत पायऱ्या बंद, खुर्ची परत दोन उशांवर, पण पलंगावरचं आणि पट्टीचं चालू ठेवलं. इथे मला कोअरच्या व्यायामाचा एक असा उपयोग दिसला जो मी आधी मनात धरला नव्हता. गुडघा रुसलेला असताना सुद्धा करण्यासारखं काहीतरी हातात राहतं, सवय मोडत नाही. आधीच्या तिन्ही वेळा सवय मोडल्यामुळेच सगळं सुटलं होतं. पाचव्या दिवशी सूज उतरली आणि परत पाट आला.

मध्ये एक घरगुती भांडण सोडवायला लागलं. चालताना काकूंचं धड डाव्या पायावर डावीकडे झुकायचं आणि मुलगी सारखी टोकायची, आई सरळ चाल, आई सरळ चाल. मुलीची काळजी खरी होती. पण दुखऱ्या पायाकडे झुकलं की गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा भार कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे, म्हणजे शरीराने स्वतःच शोधलेला तो उपाय होता. त्यात खुब्याची कमजोरी पण मिसळलेली असते, आणि नुसतं बघून कुठलं किती ते ठरवणं अवघड. जबरदस्तीने सरळ करायला लावलं तर गुडघा जास्त दुखायची शक्यता. म्हणून मी मुलीला सांगितलं, टोकू नका, ताकद येऊ द्या, गरज संपली की ते आपोआप कमी होईल. कमी झालं, पूर्ण गेलं नाही. लांब चालताना उजव्या हातात काठी मात्र घ्यायला लावली, दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात. त्या डाव्या हातात धरत होत्या, बहुतेक जण तसंच करतात.

सातव्या आठवड्यापासून उतरणं. तोच १० सेंटीमीटरचा पाट, वर उभं राहून उजवी टाच हळू जमिनीला लावायची, तीन आकडे मोजत, म्हणजे काम डाव्या गुडघ्याचं. एका हाताची दोन बोटं भिंतीला. आधी फुंकर, मग गुडघा. आरसा समोर ठेवला, गुडघा आत पडतोय का आणि खुबा एका बाजूला खाली जातोय का एवढंच बघायचं. पहिल्या दिवशी चार वेळा जमलं, चौथ्याला धड लटपटलं म्हणून तिथेच थांबवलं. दुखलं म्हणून नाही थांबवलं, ताबा सुटला म्हणून. नवव्या आठवड्यात खऱ्या जिन्याच्या खालच्या दोनच पायऱ्या, मग पाच. सोबत पाण्याची भरलेली बाटली पिशवीत घालून एका हातात धरून चालणं, आधी डाव्या हातात मग उजव्या, कारण खऱ्या आयुष्यात जिना कधी रिकाम्या हाताने उतरत नाही कुणी.

बाराव्या आठवड्याचे आकडे. खुर्ची १२. एका पायावर डाव्यावर १४ सेकंद. सपाटीवर दुखणं १ ते २, जिना उतरताना ३. जिना आता एकाआड एक पाय टाकत, एक हात कठड्यावर. वजन ७४ चं ७३, म्हणजे वजनामुळे झालं असं म्हणता येत नाही. वजनाचं महत्त्व मी कमी करत नाहीये, २००५ च्या एका अभ्यासात एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी झालेला दिसला, तो विषय आम्ही नंतर घेतला. एक्सरे परत काढला नाही, काढायचं काही कारण नव्हतं, झीज जिथे होती तिथेच असणार.

यातला किती भाग कोअरचा, किती मांडीचा, किती नुसत्या धीराचा, हे एका माणसावरून वेगळं काढता येत नाही. पण क्रम मला स्पष्ट दिसला. पोट धरायला लागल्यावर पाय उचलता आला, पाय उचलता आल्यावर मांडीवर काम झालं, मांडी आल्यावर पायरी आली. फक्त पोटाचे व्यायाम झाले ते तीन आठवडे, आणि त्या तीन आठवड्यांत जिना जवळपास जागचा हलला नाही, हे विसरू नका.

कुणी हे वाचून घरी सुरू करणार असेल तर थोडं थांबून बघा. गुडघा लाल, गरम आणि ताप, अचानक मोठी सूज, गुडघा अडकून सरळच न होणं, पोटरी सुजून दुखणं, पडल्यानंतर पायावर वजनच न देता येणं, रात्री विश्रांतीत ठणकणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. बेंबीचा किंवा जांघेतला हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, बीपी ताब्यात नसेल, तर फिजिओला दाखवूनच. हाडं ठिसूळ झालेली असतील तर पोटासाठी उठाबशासारखे पाठ वाकवणारे प्रकार नकोत. आणि ओटीपोटाचा तळ कमजोर असेल, खोकताना लघवी सुटत असेल, तर पोट जोरात आवळल्याने ते वाढू शकतं. बायका हे सांगत नाहीत, काकूंनी पण चौथ्या भेटीत सांगितलं आणि त्या दिवसापासून आवळायचा जोर मी निम्म्यावर आणला. पहिल्या भेटीत विचारायला हवं होतं, आता मी प्रत्येकीला विचारते.

सहा महिन्यांनी परत भेट झाली. आठवड्यातून तीन दिवस २५ मिनिटं करतात, पट्टी, खुर्ची, पाट, आणि झोपायच्या आधी फुंकर. मध्ये दोन आठवडे प्रवासामुळे सुटलं होतं, गुडघा थोडा कुरकुरला, परत बसला. अजूनही गुडघ्यावर टेकून बसता येत नाही आणि मी ते ध्येय ठेवलेलंही नाही. जमिनीवरून उठणं मात्र आता सुरू केलंय, आधी स्टुलाला धरून, उजवा पाय पुढे, फुंकर आणि मग वर. मागच्या आठवड्यात मला म्हणाल्या, "ते पाय उचलायचे व्यायाम द्या ना परत, आता येतात मला." वही काढली तर ते चौथ्या आठवड्यापासून चालूच होते, मी त्याला वेगळं नाव लिहिलं होतं एवढंच.